काचेकडे पाठ

बेगिमायला सकाळपासून कळा येत होत्या आणि तंबूत कुणालाच त्याचा पत्ता नव्हता, कारण आमचे हे चुलीपाशी खोगिराचा पट्टा शिवत बसले होते. सुनेनं सासऱ्यासमोर कण्हायचं नसतं. ती घोड्यांचं दूध काढून आली, बादली ठेवली, पीठ मळायला बसली आणि मध्येच ओठ दाबून थांबली.

"चेहरा का असा झालाय?" मी विचारलं.

"पाठ भरून आलीय, आपा. बादली जड होती."

आठवा नुकता कुठे लागला होता. म्हटलं, असेल बादली. आमच्या ह्यांना तर पट्ट्यापलीकडे जग नव्हतं. सुई ओवायची, दात लावून दोरा तोडायचा, चहा मागायचा. असे आरामात बसले होते की उठतील असं वाटेना. शेवटी एक शिंगरू दोर सोडवून पळालं म्हणून शिव्या देत बाहेर पडले. दाराचा पडदा खाली पडतो न पडतो तोच बेगिमायनं तंबूची लाकडी जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मटकन खाली बसली.

"आपा," ती म्हणाली, "बादली नव्हती."

माझा मुलगा एर्निस बाहेर गाडीखाली आडवा होऊन काहीतरी ठोकत होता. मी त्याचे पाय धरून ओढले तेव्हा तो उठला. आमचा एर्निस अंगानं बैल आणि तोंडानं मुका. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. मागच्या बाकावर गादी टाकली, बायकोला उचलून ठेवलं आणि गाडी काढली. वर कुरणात उन्हाळाभर राहायचं म्हणजे दवाखाना खाली, पार खाली, आणि मधला रस्ता तुम्हाला सांगते, बकरीसुद्धा विचार करून उतरते.

बेगिमाय म्हणत होती, हळू चालव. मी म्हणत होते, जोरात चालव. त्यानं कुणाचं ऐकलं ते मला माहीत नाही. एवढं दिसलं, की त्यानं समोरचा आरसा हात वर करून छताकडे फिरवला. मागचं काही त्याला दिसू नये म्हणून. बायकोची लाज राखली पोरानं, इतक्या घाईतही.

लाकडी पूल यायच्या आत सगळं आटोपलं. घोडीला याहून जास्त वेळ लागतो. एक मोठी कळ आली, बेगिमाय पहिल्यांदाच ओरडली आणि पोर माझ्या ओच्यातच आलं. एवढंसं. निळसर. गप्प. मी बोटानं तोंड साफ केलं, पाठ चोळली, परत चोळली. मग मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला, तोही नाराजीनं आल्यासारखा.

"कोण?" पुढून एर्निसनं विचारलं.

"मुलगी."

त्यानं गाडी पुलावर घातली. मग म्हणाला, "आहे ना?"

"आहे. तू रस्ता बघ."

नाळ तशीच राहू दिली. कापायला हाताशी धड काही नव्हतं. पोर आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून माझा कोट घातला आणि कोटावर मी दोन्ही हात पसरून बसले. बेगिमाय पांढरी पडत चालली होती. रक्त थांबत नव्हतं. मी तिला सारखी बोलती ठेवत होते. तिच्या माहेरच्या गाईंची नावं विचारली, सगळ्या गाईंची. ती सांगत होती आणि मी विसरत होते.

इस्पितळात दोघींना दोन दारांनी आत नेलं. मी घरातल्या चपलांवर मधल्या बोळात उभी राहिले, रिकाम्या ओच्यानं.

दुसऱ्या दिवशी बेगिमायच्या चेहऱ्यावर रंग आला, पण तिला उठायची बंदी होती. दंडाला सुई, वर बाटली. पोर वेगळ्या खोलीत, काचेच्या पेटीत होतं. नाकात नळी, पायाला तार. बोळातून त्या खोलीत बघायला एक मोठी काच होती. मी तिथून बघायचे, मग बेगिमायपाशी जाऊन सांगायचे, परत काचेपाशी यायचे.

"कुणी उचललं का तिला?" बेगिमाय विचारायची.

"उचलतील गं," मी म्हणायचे.

डॉक्टर दामिरा म्हणून एक बारीकशी बाई होती, आवाज मात्र खणखणीत. तिनं मला आणि एर्निसला उभं करून समजावलं. पोरीला ऊब मिळतेय, दूध नळीनं जातंय, ते ठीक आहे. पण ही वेळेआधी आलेली. मध्येच श्वास घ्यायचं विसरते. मग यंत्र ओरडतं, नर्स तिच्या तळव्याला टिचकी मारते, की हिला आठवतं. "माणसाच्या उघड्या छातीवर ठेवलं ना, की हे विसरणं कमी होतं," ती म्हणाली. "खालची छाती हलते, त्या तालावर पोर हलतं. पेटीची छाती हलत नाही."

"मग द्या माझ्याकडे," मी बटणाला हातच घातला.

"तुम्ही नाही, आपा. आत आई किंवा बाप. बाकी कुणी नाही."

आई उठू शकत नव्हती. म्हणजे राहिला बाप. एर्निसनं मान हलवली, कोपरापर्यंत हात धुतले, तो हिरवा झगा चढवला. आता आत जाणार, एवढ्यात जिन्यावर ओळखीचे बूट वाजले.

आमचे हे शेजाऱ्याच्या ट्रकमधून आले होते. डोक्यावर उंच पांढरी टोपी, एका हातात तळलेल्या पिठाच्या बोरसोकची पिशवी, दुसऱ्या हातात घोडीच्या आंबट दुधाची, कुमिसची बुधली, अंगाला घोड्याचा वास. नर्स थोरामोठ्यांना म्हणतात तसं म्हणाली, "अक्साकाल, इथे खायचं काही आणता येणार नाही." ह्यांनी पिशवी माझ्या हातात कोंबली, बुधली खाली ठेवली आणि काचेसमोर जाऊन जे उभे राहिले ते राहिलेच.

"पहिलं पोर आजोबाचं," ते म्हणाले. "माझं आहे. मी बघणार."

तसं म्हटलं तर खरंच होतं ते. आमच्यात पहिलं नातवंड आजी-आजोबांचं. एर्निसही आमचा पहिला, म्हणजे माझ्या सासू-सासऱ्यांचा. त्यांच्या कुशीत झोपायचा, त्यांनाच आई-बाप म्हणायचा, आणि ह्यांना, आपल्या सख्ख्या बापाला, थोरल्या भावाला म्हणतात तसं 'बाइके' म्हणायचा. माझे सासरे गेल्यावर, चांगला शाळेत जायला लागल्यावर, त्याची जीभ 'अता'कडे, म्हणजे बाबा म्हणण्याकडे, वळली. आणि माणूस आपल्या बापासमोर आपलं पोर उचलत नाही. मुका घेणं, मांडीवर घेणं तर लांबच. हे कुणी शिकवत नाही. आईच्या दुधातून उतरतं म्हणा.

एर्निस आत गेला. पेटीपर्यंत पोचला. मान वर केली तर काचेपलीकडे बाप. तसाच बाहेर आला.

"हात गार आहेत," तो म्हणाला.

मग परत गेला आणि परत आला. गाडीला कुलूप लावायचं राहिलं म्हणे. त्या गाडीला कुलूप कधी नव्हतंच. आई उठू शकेना, बाप उचलीना, असा प्रकार झाला. दामिरानं एकदा एर्निसकडे पाहिलं, एकदा काचेबाहेरच्या टोपीकडे पाहिलं. तीही आमच्यातलीच, तिला काय सांगायचं. हळूच माझ्या कानाशी आली.

"आपा, अक्साकालांना चहाला न्या ना जरा."

नेलं. म्हातारा तोंड भाजून घेत दोन घोटांत पेला रिकामा करून परत आला. मी म्हटलं, नमाजाची वेळ झाली. म्हणाले, झाली नाही. म्हटलं, बेगिमायची चौकशी करा. म्हणाले, मी गेलो तर ती उठून बसेल बिचारी, पडून राहू दे तिला. हे मात्र शहाणपणाचं बोलले. मग मी म्हटलं, उभं राहून पाय सुजतील तुमचे. म्हणाले, सुजू देत. असा माणूस. सरळ बोटानं तूप निघालंच नाही, आणि बोट वाकडं करायचं तर काय करायचं ते सुचेना. 'तुमच्यासमोर लाज वाटते म्हणून पोरगा पोर घेत नाही' हे तोंडावर बोलणं म्हणजे पोराला आणखीच उघडं पाडणं. माझी जीभ गावात नावाजलेली आहे, पण त्या दिवशी तिलाही गाठ बसली.

तेवढ्यात यंत्र ओरडलं.

नर्स धावली. तळव्याला टिचकी मारली. काही नाही. परत मारली. पोरीचा रंग गाडीत होता तसा व्हायला लागला. एर्निस पेटीपासून पावलाभरावर हात लोंबते सोडून उभा होता, आणि आमच्या ह्यांनी पंजा काचेवर ठेवला होता, जणू काच ढकलून आत जाणार. तिसऱ्या टिचकीला पोरगी हुंदका दिल्यासारखी हलली. यंत्र गप्प झालं.

"का उभा आहे हा खुंटासारखा?" म्हातारा माझ्यावरच खेकसला. "डॉक्टरीण कधीची सांगतेय. उचलत का नाही?"

"तुम्ही उभे आहात म्हणून," मी म्हणाले.

निघालं ते तोंडातून. आता परत घेता येणार नव्हतं.

"मी? मी काय हात धरलाय त्याचा?"

"तुमचा हात कुणी धरला होता?"

मी आवाज खाली आणला.

"आठवतं का तुम्हाला? हा नुकता चालायला लागला होता. मामंजी चहा पीत बसले होते. तुम्ही कुरणावरून आलात आणि हा धावत येऊन तुमच्या बुटाला चिकटला. वर हात करून. मी बाहेर होते. आत आले तर तुम्ही तसेच उभे, दाराकडे बघत, आणि हा रडून रडून बुटावरच झोपलेला. मी सोडवला तेव्हा तुम्ही पाय हलवलात. मामंजी काही बोलले होते का तुम्हाला? एक शब्द तरी?"

"नाही," ते म्हणाले.

"मग?"

म्हाताऱ्यानं काचेवरचा हात काढला. पंज्याचा ठसा तिथे राहिला, तो बाहीनं पुसला. टोपी काढली, परत घातली. मला वाटलं, आता चिडून जिना उतरणार. माझ्या मनात आलं, उतरू दे, निदान काम होईल. दोन पावलं गेलेही. मग थांबले.

"पाय नाही निघत गं," ते म्हणाले.

आणि तिथेच, भर बोळात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, ह्यांनी काचेकडे पाठ केली. समोरच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे राहिले. ताठ. पाहुण्यांचे घोडे धरून उभं राहावं तसे.

एर्निसनं मान वर केली. बापाची पाठ पाहिली. बराच वेळ पाहिली. मग झग्याच्या नाड्या सोडायला लागला.

"काय करतोय?" ह्यांनी भिंतीला विचारलं.

"शर्ट काढतोय."

"मग?"

"बसला खुर्चीत. डॉक्टरीण पोरीला उचलतेय. नळ्या सांभाळतेय. ठेवली."

"कुठे?"

"छातीवर. कुठे म्हणजे काय."

उन्हानं एर्निसचा गळा आणि हात खोगिरासारखे काळे झालेले, आणि छाती मात्र पांढरीशुभ्र, कधी ऊन न बघितलेली. त्यावर ती मुठीएवढ्या डोक्याची पोरगी पालथी. त्याचा एक पंजा तिच्या अख्ख्या पाठीला पुरून उरला. आधी त्यानं श्वासच रोखून धरला होता. दामिरा काहीतरी बोलली, तेव्हा त्यानं सोडला आणि पोरगी त्याच्याबरोबर वर गेली, खाली आली.

"रडतेय?"

"नाही. पोरगा रडतोय."

ह्यांची पाठ जरा हलली. टोपीखाली कान लाल झाले होते. मला या माणसाचा आयुष्यभर जितका राग आला तितकीच माया त्या घडीला दाटून आली, आणि ती कुठे ठेवायची ते कळेना, म्हणून मी त्यांच्या कोटाची कॉलर सरळ केली.

"यंत्र?"

"गप्प आहे."

"रंग?"

"गुलाबी होतोय."

"हिला त्याला 'अता'च म्हणू दे," ते म्हणाले. "ते 'बाइके' वगैरे नको. पोर त्यांच्याकडेच राहू दे."

"बरं," मी म्हणाले.

बेगिमायला जाऊन सांगायला हवं होतं, ती वाट बघत असेल. पण मी गेले तर ह्यांना कोण सांगणार? एक नर्स औषधाची गाडी ढकलत आली, भिंतीकडे तोंड करून उभ्या म्हाताऱ्याला वळसा घालून गेली. तिला वाटलं असेल, शिक्षा झालीय.

"कसं लागतं गं?" ह्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"पोर. छातीशी धरल्यावर."

तीन पोरांचा बाप मला हे विचारत होता.

"थंडीत घोडीचं दूध काढून बादली पोटाशी धरतो ना आपण," मी म्हणाले. "तेवढं ऊन. फक्त हलतं."

त्यांनी मान हलवली. मागे बांधलेले हात सोडून पुढे घेतले आणि कोटाच्या आत, छातीवर ठेवले.

"वळू नका हं अजून," मी म्हणाले.

"नाही वळत," ते म्हणाले. "तू सांगत राहा."