एकाच रविवारी दोन मॅच

मी मूळची कामठीची. फुटबॉल न कळणारं माणूस कामठीत शोधावं लागतं, त्यात माझे वडील रेफरी. त्यामुळे १९८६ साली लग्न करून अमेरिकेतल्या एडिसनला आले आणि तीन महिन्यांत अपार्टमेंटच्या भिंती अंगावर यायला लागल्या, तेव्हा नवऱ्याला, अतुलला, मी विचारलं, "इथे फुटबॉल कुठे बघायला मिळतो?"

अतुलला खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण त्याने ऑफिसात चौकशी केली आणि एका रविवारी मला रॅरिटन नदीकाठच्या एका जुन्या मैदानावर नेलं. लाकडी बाकं, वर पत्रा, मरून शर्ट घातलेली तीनेकशे माणसं. रॅरिटन स्टार नावाचा छोटासा क्लब होता. खेळाडू आठवडाभर नोकऱ्या करायचे आणि रविवारी खेळायचे. त्या दिवशी लाइन्समनने एक स्वच्छ ऑफसाइड सोडून दिला आणि मी भान हरपून मराठीतच ओरडले. पुढच्या बाकावरचा एक माणूस मागे वळला.

"काय म्हणालीस ते कळलं नाही," तो म्हणाला, "पण बरोबर म्हणालीस."

तो लू. पोस्टमनची नोकरी करणारा, हंगेरियन आईबापांचा मुलगा. आमच्या स्टँडमधला ढोल त्याचा. त्याच्या ढोलावर गाणी उचलायची ती तेरेझा. तिची पोर्तुगीज बेकरी होती आणि हाफटाइमला ती टोपलीतून गरम पाव वाटत फिरायची. संघमित्रा हे माझं नाव दोघांनाही झेपेना, म्हणून मी मित्रा झाले. दहा वर्षं आम्ही तिघं एकाच रांगेत बसलो.

क्लबचे मालक दोन होते. टकाच नावाच्या हंगेरियन गृहस्थांनी क्लब काढला, पुढे मचाडो नावाचा पोर्तुगीज कंत्राटदार त्यांचा भागीदार झाला. १९९६च्या हिवाळ्यात टकाच वारले. त्यांच्या मुलाने जाहीर केलं, क्लब माझा. मचाडो म्हणाला, माझा. दोघंही कोर्टात गेले, आणि कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या.

१९९७च्या मार्चमध्ये सीझन तिकीट असलेल्या सगळ्यांना दोन पत्रं आली. एकात लिहिलं होतं, पहिली मॅच तेरा एप्रिलला दुपारी दोन वाजता, जुन्या मैदानावर. दुसऱ्यात तीच तारीख, तीच वेळ, पण मैदान काउंटी पार्कचं. दोन्ही पत्रांवर रॅरिटन स्टारचाच शिक्का होता. आणि दोन्हींत बजावलं होतं, की दुसरा संघ खोटा आहे. आठ खेळाडू टकाचच्या मुलाकडे गेले, नऊ मचाडोकडे. बाकीचे दोघांनी कुठून कुठून गोळा केले.

खरं दुःख त्यानंतरचं होतं. फायर हाउसच्या हॉलमध्ये समर्थकांची मीटिंग झाली, तिथे हंगेरियन घरं एका बाजूला बसली आणि पोर्तुगीज घरं दुसऱ्या. मीटिंग संपल्यावर पार्किंगमध्ये लू तेरेझाला म्हणाला, "तुम्ही लोक पाहुणे म्हणून आलात आणि घर बळकावलंत." तेरेझाचा चेहरा पांढराफटक पडला. ती गाडीत बसली आणि निघून गेली. दहा वर्षांत मी लूच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लूने मला टकाचच्या बाजूचा अर्ज सहीसाठी पाठवला, तेरेझाने मचाडोच्या बाजूचा. मी कुठल्याच अर्जावर सही केली नाही. दोघंही माझ्यावर रुसले.

त्याच आठवड्यात आमच्याकडे जयंतीची तयारी चालली होती. एडिसनमधली आम्ही वीस-बावीस कुटुंबं एका शाळेचा हॉल घेऊन दरवर्षी आंबेडकर जयंती साजरी करायचो. मी टेबलावर निळा कागद कापत बसले होते. अतुल म्हणाला, "तुझं लक्ष नाहीये. सरळ कापत नाहीयेस तू."

"आईची आठवण येतेय," मी म्हणाले, आणि त्याला कामठीची एक गोष्ट सांगितली.

मी आठवीत असताना आमच्या वस्तीत पक्षाचे दोन गट पडले होते. जयंतीला दोन मिरवणुका निघणार असं ठरलं. दोन रथ, दोन बँड, दोन अध्यक्ष. माझी आई विहाराच्या अंगणात जाऊन बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणाली, "दोन मिरवणुका म्हणता, मंग बाबासाहेब कोन्त्या रथात बसतीन, ते सांगा." संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या सगळ्या बाया अंगणात. दोन्ही मिरवणुका चौकापर्यंत गेल्या आणि मागे कुणीच नाही म्हणून परत आल्या. शेवटी त्या वर्षी सगळ्यांची मिळून एकच मिरवणूक निघाली, दोन दिवस उशिरा.

अतुलने माझ्या हातातली कात्री काढून खाली ठेवली. "म्हणजे तू आता बसणार."

"एकटीने बसून काय उपयोग?"

"एकटी कशी? मी आहे ना. मला तशीही मॅच कळत नाही."

शनिवारी सकाळी मी आधी लूच्या घरी गेले. त्याने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. मी दारातच सांगितलं, "उद्या दोन वाजता आपण कुठल्याच मैदानावर जायचं नाही. नदीकाठच्या पार्कमध्ये जमायचं. त्यांना रिकाम्या बाकांसमोर खेळू दे."

"तेरेझा तयार आहे?"

"तिला अजून विचारलेलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा विचारतेय."

"आणि फक्त मीच आलो तर?"

"तर तुम्ही, मी आणि माझा नवरा. चहा आणते मी."

लू हसला नाही. "बघतो," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

बेकरीत गर्दी होती. तेरेझाने हातातलं काम न थांबवता माझं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "त्याने मला पाहुणी म्हटलं, मित्रा. माझा जन्म इथला आहे. माझ्या नवऱ्याची अंत्ययात्रा त्या मैदानाच्या मागच्या चर्चमधून निघाली."

"माहीत आहे."

"त्याने माफी मागितली?"

"नाही." खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "येईल की नाही तेही माहीत नाही."

तिने माझ्या हातात पावाची पिशवी ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी घरी येईपर्यंत मला खात्री पटली होती, की आपण आपलं हसं करून घेणार. तरी मी फोनची यादी काढली आणि अतुलने आणि मी आळीपाळीने साठ घरी फोन केले.

रविवारी बोचरं वारं होतं. दीडला पार्कमध्ये आम्ही तिघंच: मी, अतुल आणि आमची नऊ वर्षांची जागृती. "मॉम, इट्स फ्रीझिंग," ती म्हणाली, "अँड देअर इज नोबडी हिअर." मी तिच्या गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळला.

पावणेदोनला लूची गाडी आली. तो उतरला नाही. पाच मिनिटांनी बेकरीची व्हॅन आली आणि पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. तेरेझाही उतरली नाही. मग एकेक गाडी यायला लागली. लूच्या ओळखीच्या गाड्या लूजवळ, तेरेझाच्या तेरेझाजवळ. काचा वर, इंजिनं चालू. मी जाऊन लूच्या काचेवर टकटक केलं.

"ढोल गाडीत कशाला आणलात?"

लूने काच खाली केली. त्याचे डोळे लाल होते. "मी तिला काय बोललो, तुला माहीत आहे?"

"मी तिथेच होते."

तो उतरला. पार्किंगची ती अख्खी लांबी चालत गेला आणि व्हॅनच्या दारापाशी उभा राहिला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, वारं उलट होतं. तेरेझा व्हॅनमधून उतरली. मग तिने मागचं दार उघडलं आणि पावाची एक टोपली त्याच्या हातात दिली, धर म्हणून. दुसरी स्वतः घेतली. त्या टोपल्या पाहून बाकीच्या गाड्यांची दारं उघडली.

अडीचपर्यंत दोनशेच्या वर माणसं झाली. पाव खाऊन झाले, चहा केव्हाच संपला, आणि मग काय करायचं कुणालाच सुचेना. कुणीतरी गाडीतून बॉल काढला. चला, हंगेरियन विरुद्ध पोर्तुगीज, एकदाचा निकाल लावू, अशी कुणीतरी थट्टा केली आणि दोन संघ उभे राहिले. मला रेफरी केलं. पण सगळ्यांच्या अंगावर तोच मरून शर्ट! कोण कुठल्या बाजूचा, धावताना काही कळेना. पास भलत्यालाच जायचा. लूच्या मेव्हण्याने स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारला आणि दोन्ही बाजूंनी जल्लोष केला, कारण गोल कुणाचा तेच ठरेना. मी शिट्टी नसल्याने तोंडाने शीळ घालत होते, आणि हसू आवरत नसल्याने तीही धड वाजत नव्हती.

सव्वातीनला जुन्या मैदानावरचा गोलकीपर आला, तसाच हातमोजे घातलेला. "तिकडे बाकांवर अकरा माणसं आहेत," तो म्हणाला, "त्यातले चार वकील. हाफटाइमला मी निघून आलो. मला खेळायला घेता का?" थोड्या वेळाने काउंटी पार्कमधले तीन खेळाडू आले.

त्या संध्याकाळी तेरेझाच्या बेकरीत एकच अर्ज लिहिला गेला. आम्हाला टकाच नकोत किंवा मचाडो नको असं नाही; पण क्लब फोडणाऱ्याच्या मॅचला आम्ही जाणार नाही, आणि क्लबच्या कारभारात आमची माणसं हवीत, एवढंच त्यात होतं. लूने आणि तेरेझाने शेजारी शेजारी सह्या केल्या. पुढच्या आठवड्यांत सह्या तीनशे बारा झाल्या.

लगेच काही जादू झाली नाही. लीगने क्लबला वर्षभरासाठी बाहेर ठेवलं. काही जुनी घरं पुन्हा आलीच नाहीत. पण पुढचे चार रविवारही दोन्ही मैदानं ओस राहिली आणि आम्ही पार्कमध्ये जमत राहिलो, तेव्हा मालक मध्यस्थासमोर बसायला तयार झाले. ऑक्टोबरमध्ये समझोता झाला: सात जणांचं मंडळ, दोन टकाचचे, दोन मचाडोचे, तीन समर्थकांनी निवडलेले. मतदान झालं. लू, तेरेझा, आणि सर्वांत जास्त मतांनी मी. मी तर आधी निवडणुकीला उभी राहायलाही तयार नव्हते. "तू कुणाचीच नाहीस, म्हणून सगळ्यांची आहेस," असं तेरेझा म्हणाली. मी म्हटलं, "मी क्लबची आहे." तर म्हणाली, "मग फॉर्म भर."

१९९८च्या मार्चमध्ये, एका शनिवारी सकाळी, मंडळाची पहिली बैठक झाली. टकाचचा मुलगा आणि मचाडो टेबलाच्या दोन टोकांना बसले होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. लू आणि तेरेझा शेजारी बसून नव्या कोचवरून भांडत होते. अध्यक्षांनी विचारलं, पहिला विषय कुणाला मांडायचाय?

मी हात वर केला.

"बारा वर्षं मी या मैदानावर येतेय," मी म्हणाले, "बायकांच्या टॉयलेटच्या दाराला कडी नाही."

मचाडोने मान वर केली. टकाचच्या मुलाने त्याच्याकडे पाहिलं. "मला हे कुणी कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"मलाही नाही," मचाडो म्हणाला.

ठराव एकमताने मंजूर झाला.