पहिले सहा सेकंद

घरात त्याला सगळे ‘पडदेवाला’ म्हणत. काम काय, तर गाण्याच्या कार्यक्रमात गायिकेच्या मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर चित्रं फिरवायची. कधी पाणी, कधी धूर, कधी कुणाचे तरी हात. लॅपटॉपमध्ये हजारभर व्हिडिओ आणि त्यांच्यावर रंगीत खुणा. संथ गाण्याला निळी, ठेक्याच्या गाण्याला तांबडी. प्रत्येक व्हिडिओ आधी आवाज बंद करून छोट्या चौकोनात चालवून बघायचा, कामाचे पाच-सहा सेकंद तेवढे निवडायचे आणि तेच गोल गोल फिरवायचे. बाकीचा व्हिडिओ गेला खड्ड्यात!

त्याचे बाबा शिंपी. उभा जन्म लोकांच्या सदऱ्यांना बटणं लावण्यात गेला, आणि वर्षापूर्वी अर्धांगाच्या झटक्याने उजवा हातही गेला, वाचाही गेली. ताई त्यांच्याजवळ राहून हाताचा आणि बोलण्याचा व्यायाम करून घ्यायची आणि दर रविवारी त्याचा व्हिडिओ भावाला पाठवायची. हा पठ्ठ्या त्याखाली अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळा. बघवत नाही, असं तो स्वतःला सांगे. खरं म्हणजे त्याला कंटाळा यायचा, आणि कंटाळा येतो याची लाज वाटायची, म्हणून तो आणखीनच बघायचा नाही.

एकच व्हिडिओ त्याने उघडला होता, कारण सुरुवातीलाच हात दिसले. बटणाभोवती थरथरणारी बोटं. संथ गाण्याला झकास! सहा सेकंद घेतले, निळी खूण केली, नाव दिलं ‘हात ७’, आणि ‘पडद्यावर लावतोय’ असं ताईला कळवून टाकलं. पुढचं बघितलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ताई बाबांना घेऊन आली. वर्षभरात ते पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते.

“तुझ्या पडद्यावर स्वतः आहेत म्हटल्यावर ऐकतायत कुठले! सकाळपासून कपडे करून बसलेत,” ती म्हणाली. “तू सगळे व्हिडिओ बघतोस, हे सांगितलंय हं मी त्यांना.”

“बघतो की,” तो म्हणाला. जीभ जराही अडखळली नाही.

आता यात गोम अशी, की आदल्याच दिवशी त्याने लॅपटॉप बदलला होता. व्हिडिओ नव्यात आले, खुणा आल्या, पण कुठून कुठपर्यंत फिरवायचं ती मापं जुन्यातच राहिली. पुन्हा एकेक चालवून बघायला हवं होतं. याने काय केलं, तर प्रत्येकाचं पहिलं चित्र तेवढं बघितलं आणि ‘बरोबर आहे’ म्हणत पुढे गेला. उंटावरून शेळ्या हाकायची सवय, दुसरं काय!

चौथं गाणं सुरू झालं. त्याने ‘हात ७’ लावला. सहा सेकंद झाले आणि बोटं मागे येण्याऐवजी पुढेच निघाली. पुढे काय आहे? बाबा रडतात? पडतात? चारशे माणसं समोर, पहिल्या रांगेत स्वतः बाबा, आणि त्याला काडीचीही कल्पना नाही! त्याने पडदा काळा करायला बोट नेलं, तेवढ्यात गायिकेने मागे वळून बघितलं आणि हाताने खूण केली, राहू दे.

पडद्यावर बटण निसटलं. पुन्हा निसटलं. बाबांनी चिडून मांडीवर हात आपटला, पुन्हा सदरा धरला, आणि एकदाचं बटण काजातून बाहेर आलं. त्यांनी मान वर केली, थेट समोर बघितलं आणि त्यांचे ओठ बराच वेळ हलले. आवाज अर्थातच बंद होता. सभागृहात टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

“पडदा काळा न करता काय थांबलास रे! जिगर लागते याला,” कार्यक्रम संपल्यावर तबलजीने त्याला मिठीच मारली. तो नुसता ‘हं हं’ करत राहिला. एकेका शाबासकीगणिक त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

बाबा अजून खुर्चीतच होते.

“छान,” ते म्हणाले. मग शब्द जुळवत विचारलं, “मग... फोन... का नाही... केलास?”

“कुठला फोन?”

“अरे, असं काय करतोस?” ताई म्हणाली. “व्हिडिओत शेवटी नाही का म्हणाले, ‘लागलं रे बटण, फोन कर’? झटक्यानंतरचं पहिलं पूर्ण वाक्य त्यांचं! मला म्हणाले, त्याला पाठव. त्या दिवशी दिवसभर तुझ्या फोनची वाट बघत होते.”

फोन बिघडला होता, गावाला गेलो होतो, रेंज नव्हती. थापा हव्या तेवढ्या तयार होत्या. पण बाबा त्याच्याकडे बघत होते.

“पहिले सहा सेकंद सोडले तर मी बघितलाच नव्हता, बाबा. आज पहिल्यांदाच बघितला, तुमच्याबरोबर.” तो म्हणाला. “बाकीचा तर एकही बघितला नाही. ताई पाठवायची आणि मी नुसता अंगठा टाकायचो.”

ताईने तोंड फिरवलं. बाबांनी डाव्या हाताने खिशातून मोबाइल काढला.

“मग... आता... कर.”

“बाबा, मी इथेच आहे की.”

“कर.”

त्याने फोन लावला. बाबांच्या हातात मोबाइल वाजू लागला. उजव्या हाताचं बोट हिरव्या खुणेवरून दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा टेकलं. त्यांनी फोन कानाला लावला.

“बोल,” ते म्हणाले.

तो दोन पावलांवर फोन कानाला धरून उभा होता. काही केल्या त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

“बोल... रे,” बाबा म्हणाले. “मी... थांबतो.”