आमच्या घरात काहीच गळत नाही

बुटकीच्या घराचा मला भयंकर हेवा वाटायचा. तिचं छत गळायचं. वरच्या मजल्यावर कुणी आंघोळ केली की पाणी थेट तिच्या गादीवर. आमच्या घरात काहीच गळत नाही. माझे बाबा प्लंबर आहेत.

शिवाय तिला बाबा नव्हते. हा तर सरळसरळ वशिला झाला.

झालं असं की टेकडीवरच्या मोठ्या शाळेत दर वर्षी एक गरजू मुलगी फुकट घेतात. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं. एकच मुलगी. बाकीच्या गरजूंनी काय करायचं, ते माहितीपत्रकात नव्हतं. आमच्याकडे सातवीनंतर मुली आयांच्या मागोमाग बटणांच्या कारखान्यात जातात. आईच्या शेजारचं स्टूल माझ्यासाठी रिकामं होणारच होतं आणि मुकादम आत्तापासूनच माझ्या बोटांकडे कौतुकाने बघायचा.

परीक्षेत मला आणि समोरच्या खोलीतल्या बुटकीला सारखेच मार्क पडले. शाळेने कळवलं, मॅडम घरी येऊन बघतील, जास्त गरजू कोण ते.

आई तयारीला लागली. पंखा उतरवून खालच्या शिंपीणकाकूंकडे ठेवला. कॅलेंडरही काढलं, कारण त्यावरचा बर्फाचा डोंगर श्रीमंत दिसत होता. अर्जातला वडिलांचा रकाना मी कोरा सोडला होता. कोरा म्हणजे काही खोटं नव्हे. खरे बाबा मात्र घरात बसून होते.

"मी आजारी पडू का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला जमायचं नाही," आई म्हणाली. "बाहेर जा. आणि मॅडम जाईपर्यंत तोंड दाखवू नका."

मॅडम आधी समोर गेल्या. मी दाराच्या फटीला डोळा लावला. तर आत बाबा! स्टुलावर चढलेले, हातात पाना. गळणारं काही दिसलं की त्यांना राहवत नाही.

"अहो भाऊ, आज नको ना!" बुटकीची आई अगदी रडकुंडीला आली होती. "उद्या करा!"

"दोन मिनिटांचं काम आहे, वहिनी."

आणि वर्षभराची गळती मॅडमच्या डोळ्यांदेखत थांबली.

मॅडमनी अर्ज बघितला. "इथे तर वडील नाहीत असं लिहिलंय. मग हे कोण?"

बुटकी वर बाबांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझे बाबा."

बुटकीच्या आईने कपाळाला हात लावला. बाबा काही बोलले नाहीत. त्यांच्या तोंडात वॉशर होता. नसता तर बोलले असते का, मला अजून माहीत नाही.

म्हणजे जागा माझी झाली. मला फक्त गप्प बसायचं होतं. मॅडम आमच्याकडे आल्या, पंख्याच्या रिकाम्या हुकाकडे बघून त्यांनी काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "वडील?"

आठवडाभर तालीम झाली होती. खाली बघायचं, एकदा नाक ओढायचं, बस्स. पण समोरच्या दारात बुटकी उभी होती आणि तिने बाबांच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं. माझ्या बाबांच्या. आधीच गळकं छत, त्यात वर बाबाही! किती हाव असावी माणसाला!

"ते काय!" मी किंचाळले. "माझे आहेत ते! तिचे नाहीत! तिला कुणीच नाही!"

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

शेजारपाजारचे म्हणतात, पोरीने मन मोठं केलं. कसलं मोठं? आईने तीन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि चौथ्या दिवशी मुकादमाशी बोलून आली.

बुटकी निघाली तेव्हा तिच्या ट्रंकेची एक कडी बाबांनी धरली, दुसरी मी. अर्ध्या टेकडीवर ती म्हणाली, "हात दुखला तर दे, मी घेते."

"तू गरजू आहेस. गप चाल."

फाटकावरच्या माणसाने आम्हा दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "यातली आत जाणारी कोणती?"

बाबांनी बुटकीकडे बोट दाखवलं. मी कडी सोडली.