झाकणाचे कुलूप

कपडे धुण्याची यंत्रे बनवणाऱ्या परदेशी कंपनीची इथली शाखा म्हणजे मुख्यालयाच्या लेखी घरातली धाकटी जाऊ: सांगितले तेवढे करावे, डोके चालवू नये. शाखेच्या रचना विभागाची प्रमुख मात्र डोके चालवी. यंत्र सुरू झाले की घरोघरी एखादा विसरलेला मोजा हटकून सापडतो. म्हणून तिने मधेच थांबवून उघडता येईल असे झाकण घडवले होते. मुख्यालयाने ते तीनदा फेटाळले. वर उपदेश: ग्राहकांनी कपडे आधीच नीट गोळा करावेत.

आता मुख्यालयातून बडे साहेब स्वतः आले होते. उद्या रचना विभागाला टाळे लागणार होते. आज रीत म्हणून ते तिच्या घरी चहाला बसले होते.

तिच्या सासूबाईंच्या हातून साहेबांच्या कोटावर चहा सांडला. सासूबाईंच्या हातून उभ्या जन्मात थेंब सांडला नव्हता.

"अगं बाई! द्या तो कोट इकडे. तुमच्याच कंपनीचं मशीन आहे."

यंत्र घुमू लागले. आत काहीतरी खणखणले. साहेब ताडकन उठले.

"माझा चष्मा! खिशात होता! उघडा!"

"उघडत नाही हो," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "वरून कुलूप आहे. पाऊण तास बसा आता."

साहेबांनी झाकण ओढले, बडवले. ते ढिम्म हलेना.

"कोणत्या गाढवानं..."

"मुख्यालयानं, साहेब," सून अदबीने म्हणाली. मग तिने शेजारच्या, आपले झाकण बसवलेल्या नमुना यंत्रावरची चादर काढली, ते सुरू केले, एक बटण दाबले, झाकण उघडले आणि आत मोजा टाकला.

साहेब लहान मुलासारखे ते झाकण उघडत-मिटत राहिले.

"हे मला आधी का नाही दाखवलंत?"

"तीनदा दाखवलं."

अखेर कोट बाहेर आला. खिशात निघाला चहाचा चमचा. चष्मा सासूबाईंनी साखरेच्या डब्यामागून काढून दिला.

"मी मेली विसरभोळी!"

साहेबांनी चमच्याकडे पाहिले, सासूबाईंकडे पाहिले आणि खो खो हसत सुटले.

"तुमचा विभाग राहील," ते सुनेला म्हणाले. "झाकणही होईल. पण हा चमचा मी नेतो. आमच्या मुख्यालयातल्या मंडळींना सांगून पटायचं नाही, त्यांचेही कोट धुवावे लागतील."

"खुशाल न्या," सासूबाई म्हणाल्या, "पण परत पाठवा. माझा सहाचा संच आहे."