आरसा उतरवल्यानंतर

उद्यापासून लेकीनं बापाच्या काचेच्या दुकानात जायचं ठरलं होतं. पण बापाच्या गाडीत तिला बसवायचं कसं, याचाच घरात घोर होता. "तुम्ही गाडी चालवत नाही, उडवता," असं बायको म्हणे आणि तो हसण्यावारी नेई. शेवटी तिनं नणंदेला गळ घातली, "वन्सं, एकदा बसून बघा. तुम्ही हो म्हणालात तर पाठवते."

ताई हाडांच्या दवाखान्यात नर्स. सकाळी ती धाकट्या भावाशेजारी बसली. मागे पुरुषभर उंचीचा आरसा होता. काचवाल्यानं गाडी इतकी हळुवार नेली, की आत तान्हं बाळच निजलंय जणू! भावजय उगाच घाबरते, असं ताईला वाटलं.

आरसा गिऱ्हाइकाकडे उतरवला आणि गाडीला पंख फुटले.

"अरे, आरसा उतरला तशी माझी किंमतही उतरली का?" ताईनं दाराची कडी घट्ट धरली.

"ताई, हात बसलाय माझा! आजवर साधा ओरखडा नाही."

"ती देवाची कृपा! तुझा हात बसलाय, हे रस्त्यावरच्या माणसाला कुठं ठाऊक? वेग दुप्पट केलास, की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट जागा लागते. ती कुठून आणशील? आमच्याकडे येणारे सगळे गाडीवाले हेच सांगतात, अचानक समोर आला हो!"

"झालं तुझं प्रवचन सुरू!" म्हणत, निव्वळ तिचं तोंड बंद व्हावं म्हणून त्यानं वेग कमी केला.

पुढच्या वळणावर उभ्या बसच्या आडून एक म्हातारा पिशवी सावरत थेट पुढ्यात आला. करकचून ब्रेक! गाडी थांबली ती त्याच्या पिशवीला टेकूनच. म्हाताऱ्यानं दोन शिव्या हासडल्या आणि तो रस्ता ओलांडून गेला.

काचवाल्यानं गाडी कडेला घेतली. "ताई, मघाच्या वेगात असतो तर... ब्रेकवर पाय पडायच्या आतच..."

"पाणी पी," ताई एवढंच म्हणाली.

घरी बायको दारातच उभी. "काय वन्सं, पाठवू ना लेकीला?"

ताईनं तोंड उघडण्याआधी तोच म्हणाला, "उद्या नको. तिला बसनं येऊ दे. रिकामी गाडी हळू चालवायची सवय आधी मला लागू दे. लागली, की मीच सांगेन."

मंडळी, संकट समोर उभं ठाकल्यावर वेग निवडायला सवड मिळत नाही. तो आपण आधीच निवडलेला असतो! म्हणून रस्ता मोकळा असतानाच पाय आवरा. समोर येणारा कुणाच्या तरी घरचा असतो, आणि त्या क्षणापुरता देवानं त्याचा जीव आपल्या हवाली केलेला असतो.