कडेपर्यंत पाहणारं भिंग

मित्रांनो, मला हातात घ्यायच्या आधी सांगा, हात धुतलेत का? धुतले म्हणता? मग पुसले कशाला, रुमालाला की शर्टाला? रागावू नका. मी डोळे तपासायचं एक जुनं भिंग आहे आणि शंका घेणं हा माझा स्वभाव नाही, तो माझा धंदाच आहे.

दिसायला मी मोठ्या पेढ्याएवढं. काळं कडं आणि मधे फुगीर काच. माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. तिथे मला घासत आणि दर वेळी कोणीतरी दिव्यासमोर धरून माझ्यात खोट शोधत. मी पास झाले ते कोणाला आवडले म्हणून नाही. शोधूनही काही सापडलं नाही म्हणून.

तिथून डबीत बसून मी डॉक्टर धम्मशीलाबाईंच्या हाती आले. बाई बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढ्याच्या. त्याच जिल्ह्यात, शेगावात, त्यांचा डोळ्यांचा दवाखाना आहे. डोळ्याच्या आत, अगदी मागे, एक पातळ पडदा असतो. आपण जे पाहतो ते त्या पडद्यावर उमटतं. त्या पडद्याचे आजार आणि त्यावरचे इलाज हा बाईंचा जन्माचा अभ्यास. डोक्याला दिवा बांधायचा, मला दोन बोटांत धरायचं आणि बाहुलीतून आत डोकवायचं. माझ्यातून सगळं उलटं दिसतं, वरचं खाली आणि डावं उजवीकडे. त्यामुळे जे पहिल्या नजरेला सरळ दिसतं त्यावर आम्हा दोघींचाही पटकन विश्वास बसत नाही.

आधी बाईंनी साखरेच्या आजाराने खराब झालेले पडदे अभ्यासले. मग त्या वळल्या दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांकडे. अशा बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्ध्यातच राहिलेल्या असतात. कधीकधी त्या पुढे भलतीकडेच वाढतात आणि पडद्याला ओढून जागेवरून सोडवतात. बाहेरून डोळे कसे, तर टपोरे, काळेभोर. आजी म्हणते, अगदी बापावर गेलाय. आणि आत पडदा सुटायच्या बेतात! वेळेत कळलं तर लेझरने हे थांबवता येतं. वेळ गेली की कोणाच्याच हातात फारसं राहत नाही.

बाईंनी वाचलेल्या परदेशी पुस्तकांत लिहिलं होतं, अगदी चिमुकली बाळं तपासली तरी पुरे. बाईंना शंका आली, मग आपल्याकडची जरा अंगानं बरी असलेली बाळंही आंधळी का होतात? एका मोठ्या सभेत एक ज्येष्ठ डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, बुलढाण्यात बसून कसलं संशोधन करता?"

"बुलढाण्याची बाळं बुलढाण्यातच सापडतात, सर," बाई म्हणाल्या.

वर्षानुवर्षं आम्ही एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात हिंडलो. बाईंची शंका खरी निघाली. त्यांचा लेख छापून आला, टाळ्या झाल्या. आणि मग आला कॅमेरा. मोठा, डोळ्याच्या आतलं रंगीत चित्र संगणकावर दाखवणारा. सगळे त्याच्याभोवती जमले आणि मी कपाटात गेले. ज्याचं सगळेच कौतुक करतात त्याच्याकडे मी जरा तिरकंच पाहते. पण विचारतो कोण?

मागच्या उन्हाळ्यात वरवट बकाल गावच्या रुपालीला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती, तेव्हा बाईंनी तिचे डोळे पाहिले आणि बजावलं, "पुढच्या आठवड्यात शेगावला आणायची म्हणजे आणायची." आठवडा उलटला, कोणी आलं नाही. फोन केला तर "येतो येतो." पुन्हा केला तर सासू म्हणाली, "लेकरू झोपलं हाये," आणि फोन ठेवला.

बाईंनी कपाट उघडलं. तेवढा मोठा कॅमेरा कोणाच्या घरी कसा न्यायचा? मी निघाले.

दारातच सासू, कौशल्याबाई, उभ्या. "सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीण उंबरा वलांडत नाही आमच्यात. अन् तुम्ही कायले आल्या इतक्या लांबून? डॉक्टर कधी घरी येते काय?" मग गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. बाईंनी सांगितलं. त्यानंतर पाण्याचा तांब्या यायला जरा वेळच लागला. तो का लागला असेल, याबद्दल मला संशय आहे.

रुपाली आतल्या खोलीत मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. शिकलेली पोर. तिची नजर बाईंच्या हातावर, पिशवीवर, माझ्या डबीवर फिरत होती.

"मॅडम, एक विचारू? नर्स सांगत होती, तुमचा अभ्यास चालू हाये अशा लेकराइवर."

"हाव, चालू हाये."

"म्हंजे माह्या पोरीवर प्रयोग करून राह्यल्या तुम्ही!"

"पाह्य!" कौशल्याबाई दारातून म्हणाल्या. "मी म्हनत नोती काय?"

बाई चिडल्या नाहीत. "प्रयोग नाही वं. जो इलाज ठरलेला हाये, थोच सगळ्याइले करतो. कोण्या लेकराले झालं अन् कोण्या लेकराले नाही, थे फक्त अभ्यासासाठी मांडून ठेवतो. तुह्या पोरीचं त्यात धरायचं का नाही, थे तू ठरव."

"मंग आमाले काढा त्यातून."

"काढलं."

"असं तोंडानं नोका म्हनू. माह्यासमोर काढा."

बाईंनी तिथूनच दवाखान्यात फोन लावला, आवाज मोठा केला आणि सांगितलं, वरवटची मुलगी अभ्यासातून काढून टाका. फोन ठेवला. रुपाली टक लावून बघत होती. अभ्यासच नाही तर आपलं काय काम, म्हणून आता ही बाई उठेल, चपला घालेल, असंच तिला वाटत होतं. मलाही ती परीक्षा आवडली.

बाई उठल्या आणि म्हणाल्या, "हात धुवाले पाणी द्या. पोरीचं काजळ पुसून घे."

रुपाली काजळ पुसू लागली. "आत्याबाई, हातावर पाणी घाला त्याइच्या." कौशल्याबाईंनी घातलं. जरा उंचावरूनच घातलं.

डोळ्यांत थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबलो. खिडकीला गोधडी टांगली. मग बाईंनी मला धरलं. पडद्याचा मधला भाग चांगला होता. पण मित्रांनो, हा आजार मधे नसतो, कडेला दबा धरून बसतो. आम्ही कडेपर्यंत गेलो. तिथे एक उंचवटा उठला होता आणि त्यावर लाल, वेड्यावाकड्या वाहिन्या. दुसऱ्या डोळ्यातही तेच.

"गप काऊन झाल्या?" रुपाली म्हणाली. "खरं सांगा."

"लेझर करा लागते. आज नाही तं उद्या. सव्वा महिना थांबलं तं तुम्ही पाह्यसान, म्या पाह्यन, पोरगी नाही पाह्यनार."

"पन लोक काय म्हनतीन वं?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"लोकाइचं तोंड मी पाह्यतो, आत्याबाई," रुपाली म्हणाली. "इले जग पाहू द्या." आणि मुलीला छातीशी धरून तिने उंबरा ओलांडला.

कौशल्याबाई मागून भराभरा आल्या, पदर खोचत बाईंच्या गाडीत बसल्या. "एकटीले नाही धाडत मी. माहा भरोसा नाही अजून."

शेगावात लेझर झालं. नंतरच्या तपासण्यांना मीच आत पाहिलं. उंचवटा हळूहळू बसला, वाहिन्या निवल्या. बाई म्हणाल्या, चष्मा लागू शकतो, दाखवायला येत राहावं लागेल. घरी मात्र आनंदीआनंद होता. जो तो खुळखुळा वाजवायचा. पोरगी मान वळवायची. "पाह्यली, पाह्यली!"

रुपाली मानेना. "आवाजाकडे वळली थे. म्हंजे पाह्यली काय?"

पुढच्या खेपेला तिने दवाखान्यात सगळ्यांना गप्प केलं. स्वतःच्या बांगड्या कोपरापर्यंत वर चढवल्या, म्हणजे त्या वाजणार नाहीत. कौशल्याबाईंना म्हणाली, "श्वासबी धरून ठेवा." तळव्याने मुलीचा एक डोळा झाकला आणि लाल लोकरीचा गोंडा तिच्यासमोरून हळूच नेला. डोळा हलला नाही. पुन्हा नेला. चिमुकला डोळा गोंड्याच्या मागे निघाला, थांबला, परत आला. मग रुपालीने दुसरा डोळा झाकला. तोही गेला आणि आला.

"एकदा अजून," ती म्हणाली. या वेळी गोंडा मधेच थांबला, कारण आता तिलाच काही दिसत नव्हतं. कौशल्याबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले.

मित्रांनो, तुमच्या घरी, तुमच्या शेजारी दिवस भरायच्या आधी आलेलं बाळ असेल तर "डोळे किती छान" म्हणून थांबू नका. जन्मापासून महिन्याच्या आत डोळ्याचा पडदा दाखवला का, ते विचारा. "दाखवला" म्हणाले, तर दोन्ही डोळ्यांचा का, ते विचारा. कडेपर्यंत पाहिला का, पुन्हा कधी बोलावलंय, तेही विचारा. लोक चिडतील. चिडले तरी विचारा.