फळ्यावरच्या दोन ओळी

विजयश्रीने पांढरा फळा पुसला आणि त्यावर दोनच ओळी लिहिल्या. ‘पट्टी – अनिस’ आणि ‘मोबाइल – दिपाली’. मग पेनाला टोपण लावून ती वळली.

“यातलं एक थांबवावं लागणार. एक थांबवलं तर उरलेल्या पैशांत सहा महिने निघतील. नाहीतर त्याआधीच गाळ्याला कुलूप.”

कुरुळीच्या त्या गाळ्यात कारखान्यांच्या सांडपाण्यावर संशोधन चालायचं. माणसं मोजून तीन. अनिसची कागदी पट्टी पाण्यात बुडवली की रंग बदलायची आणि पाण्यात कुठला धातू आहे ते कळायचं. दिपाली तो रंग मोबाइलवर अचूक वाचायची सोय करत होती. आणि विजयश्रीचा पडदा तेच पाणी गाळून स्वच्छ करायचा. म्हणजे करायला हवा होता. कितीतरी वर्षं तो ‘आता होईल, आता होईल’ असाच चालला होता. पण कंपनी काढली होती ती पडद्यासाठी. तो फळ्यावर लिहिण्याचा प्रश्नच नव्हता.

आता जुंपणार, अशी मनाची तयारी करून ती खुर्चीत बसली.

“माझं थांबवा, मॅडम,” अनिस म्हणाला. “पट्टीचं काय, नंतर बघू.”

“असं कसं?” दिपाली म्हणाली. “पट्टीला गिऱ्हाईक विचारतंय. ताई, माझंच थांबवा.”

“मग पट्टी वाचणार कोण?”

“डोळ्यांनी वाचतील लोक.”

पंगतीत शेवटची पुरी ‘तू घे, तू घे’ करत फिरते तसं चाललं होतं. विजयश्री एकदा याच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. पोटच्या पोरासारखं जपलेलं काम असं कुणी देऊन टाकतं का? मग तिला शंका आली. या दोघांना दुसरीकडे नोकऱ्या लागल्या असणार, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी तिने अनिसला बेसिनपाशी गाठलं.

“तुला कुठून बोलावणं आलंय का?”

“नाही हो, मॅडम.”

“मग स्वतःचंच काम बंद करायला का निघालायस?”

अनिस हातातली काचनळी धूत राहिला. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

“चहा सांगू का?” त्याने विचारलं.

संध्याकाळी दिघीला घरी जाताना विजयश्रीने रोजच्यासारखं दिपालीला स्कूटरवरून मोशीत सोडलं.

“दिपाली, खरं सांग. काय चाललंय तुमचं? माझं तर डोकं चालेनासं झालंय.”

दिपालीने हेल्मेट काढून हातात धरलं. “ताई, तुम्ही फळ्यावर दोनच नावं लिहिलीत.”

“मग?”

“मग आम्हाला दोघांतलंच बोलावं लागलं ना. येते मी.”

पुढच्या रस्त्यावर विजयश्री मनातल्या मनात तिच्याशी तावातावाने भांडत होती. पडदा बंद करा म्हणते! कालची मुलगी! पण निम्म्याहून जास्त पैसा पडद्याची रसायनं आणि त्याचा पंप खात होता, हे दिपालीने सांगायची काय गरज होती? ते तिला स्वतःलाच ठाऊक होतं. आपल्या तोंडावर हे म्हणायला दोघांना भीड पडावी, अशीच ती आजवर वागत आली होती. घर येईपर्यंत राग ओसरला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी तिने फळ्यावर तिसरी ओळ लिहिली. ‘पडदा – विजयश्री’. तिच्यावर स्वतःच काट मारली आणि पेन हातात धरून उभी राहिली. निदान एकाने तरी ‘नको’ म्हणावं, असं तिला फार वाटत होतं.

दिपाली लॅपटॉपवरची धूळ पुसायला लागली. अनिसने घसा साफ केला.

“मॅडम, पंप विकायचा असेल तर चाकणला एक जण घेईल. भाव बरा देतोय.”

“तुला काय माहीत?”

“विचारून ठेवलं होतं.”

“कधी?”

अनिसने दिपालीकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

“दिवाळीच्या आधी,” तो म्हणाला.

आता होळी तोंडावर आली होती.